आधी खोकं, मग वेबसाइट

प्रश्न : आम्ही कुडाळजवळच्या एका गावात राहतो. घरची कोकमाची झाडं आहेत. आगळ, अमृतकोकम, आमसुलं, कुळथाचं पीठ आणि मालवणी मसाला हे सगळं आम्ही दोघी जावा मिळून करतो. ओळखीपाळखीत आणि हायवेवरच्या दोन दुकानांत माल जातो. मुलगा मागे लागलाय, 'आई, ऑनलाइन विकू या.' त्याच्या मित्राने वेबसाइट करून द्यायचे चाळीस हजार रुपये सांगितलेत. माझं कुतूहल एवढंच : वेबसाइट करण्याआधी काही ठरवायचं असतं का, की एकदा वेबसाइट झाली की बाकीचं आपोआप जमत जातं?
— एक वाचक, ता. कुडाळ

उत्तर : आपोआप काही जमत नाही, ताई. उलट मुलाचा मित्र कामाला बसला की पहिल्याच आठवड्यात तुम्हाला विचारायला लागेल : एका बाटलीची किंमत किती, वजन किती, कुठल्या कुठल्या पिनकोडला पाठवणार, पाठवणावळ वेगळी घेणार की किमतीतच धरणार, बाटली फुटली तर पैसे परत की दुसरी बाटली, माल किती दिवसांत पोचेल? यातला एकही प्रश्न कॉम्प्युटरचा नाही, सगळे धंद्याचे आहेत. तुमच्याकडे उत्तरं तयार नसली म्हणून तो काही थांबून राहणार नाही. दुसऱ्या कुठल्या तरी साइटवरचा मजकूर उचलून तिथे चिकटवेल. म्हणूनच लोणची विकणाऱ्या साइटवर 'वस्तू परत करताना मूळ टॅग काढलेला नसावा' अशी अट वाचायला मिळते. कपड्यांच्या दुकानातली अट लोणच्याच्या बरणीवर येऊन बसलेली असते आणि मालकाने ती कधी वाचलेलीही नसते.

चाळीस हजार ही तुमच्या दृष्टीने मोठी रक्कम आहे, म्हणून त्याहून कितीतरी मोठ्या रकमेची एक गोष्ट सांगतो. लंडनमध्ये १९९९ च्या नोव्हेंबरात बू डॉट कॉम नावाचं कपड्यांचं ऑनलाइन दुकान सुरू झालं. कपडा पडद्यावर गोल फिरवून सगळीकडून पाहता यायचा आणि 'मिस बू' नावाची चित्रातली विक्रेती गिऱ्हाइकाशी बोलायची. साइट इतकी सजवली की ती उघडायची तारीख महिनोन्‌महिने पुढे गेली. उघडली तेव्हा बहुतेक घरांत टेलिफोनच्या तारेवर रांगणारं इंटरनेट होतं. पान पुरतं दिसेपर्यंत गिऱ्हाईक उठून चहा करायला जाई. मे २००० मध्ये कंपनीने हात वर केले. तोवर सुमारे साडेतेरा कोटी डॉलर खर्च झाले होते.

त्याच १९९९ साली अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये निक स्विनमर्न नावाच्या तरुणाला ऑनलाइन बूट विकायचे होते. गोदाम नाही, माल नाही. तो जवळच्या बुटांच्या दुकानात गेला, मालकाच्या परवानगीने बुटांचे फोटो काढले आणि साध्याशा साइटवर टाकले. ऑर्डर आली की त्याच दुकानातून पूर्ण किमतीला जोड विकत घ्यायचा आणि टपालाने पाठवायचा. यात पैसा सुटत नव्हता, पण त्याला एकाच प्रश्नाचं उत्तर हवं होतं : पायात घालून न पाहता लोक बूट घेतील का? घेतात, हे कळल्यावर मग बाकीचा पसारा उभा राहिला. त्याचंच पुढे झॅपोस झालं आणि २००९ मध्ये ते ॲमेझॉनने विकत घेतलं.

तुम्हालाही असाच एक प्रश्न शोधायचा आहे. 'लोक आगळ घेतील का' हा तो प्रश्न नव्हे. आगळ घेतातच, तुमची दोन दुकानं त्याची साक्ष आहेत. प्रश्न असा आहे की मुंबई-पुण्यात बसलेला माणूस ते तुमच्याकडून, पाठवणावळ भरून, दोन-चार दिवस थांबून का मागवील? त्याला ते आजही मिळतंच आहे. मे महिन्यात गावाला आलेली बहीण नेते, गणपतीला आलेले चाकरमानी नेतात, कोणी एसटीच्या पार्सलात टाकतं, कोणी कोकणकन्येने येणाऱ्या शेजाऱ्याच्या पिशवीत. तुमचा खरा प्रतिस्पर्धी कुठली कंपनी नाही, गावाहून येणारा पाव्हणा आहे. तो फुकट आणतो, घरात आणून देतो आणि वर गावच्या बातम्याही सांगतो. त्याच्याशी किमतीत टक्कर घेऊ नका.

मग उरतं कोण? मला तीन जण दिसतात. पहिला, ज्याचं गावचं घर बंद पडलंय, येणंजाणं संपलंय, पण जिभेवरून सोलकढी उतरलेली नाही. दुसरा, ज्याचं कोकणाशी काही नातं नाही. त्याने पुण्यात मालवणी खानावळीत सोलकढी प्यायली आणि आता ती घरी करायची आहे. तिसरी, ती खानावळच. हे तिघे एकाच बाटलीकडे बघतात, पण प्रत्येकाला हवं असतं ते निराळं. पहिल्याला काही समजावून सांगायला नको, त्याला चव ओळखीची हवी आणि 'कुडाळ' हे नाव ठळक हवं. दुसऱ्याला आगळ आणि अमृतकोकम यांतला फरकच ठाऊक नाही. तो आगळाची बाटली सरबत समजून ग्लासात ओतील, खारट लागल्यावर माल खराब आहे म्हणून तक्रार करील आणि एक चांदणी देऊन मोकळा होईल. त्याच्यासाठी 'हे खारट आहे, सोलकढीसाठी आहे, चार वाट्या नारळाच्या दुधाला एवढं घाला' हे बाटलीवरच लिहिलेलं हवं. तिसऱ्या गिऱ्हाइकाला वेबसाइटशी कर्तव्यच नाही. त्याला पाच लिटरचा कॅन हवा, महिन्याची उधारी हवी आणि फोन उचलणारा माणूस हवा.

यांतला एक निवडा. माझा कौल पहिल्याला. दुसरा संख्येने जास्त आहे खरा, पण त्याच्यापर्यंत पोचायला जाहिरातीचा पैसा लागतो. पहिला स्वतः शोधत असतो. शोधताना तो 'कोकम आगळ' देवनागरीत टाइप करतो की रोमन अक्षरांत, 'कोकम' लिहितो की 'सोलं', हे मुलाला पाहायला सांगा. गूगल ट्रेंड्सवर ते फुकट दिसतं. साइटवरची नावं मग त्यानुसार ठेवायची.

आता खोक्याचा हिशेब. खालचे आकडे मी समजा म्हणून धरलेत, तुम्ही तुमचे घालून बघा. अर्ध्या लिटरच्या आगळाची किंमत १५० रुपये. कोकम, मीठ, बाटली, सील, लेबल आणि तुमची दोघींची मजुरी मिळून ८५. म्हणजे ६५ सुटले. मजुरी धरायची बरं का, 'घरचंच तर आहे' म्हणून सोडायची नाही. आता हीच एक बाटली पुण्याला पाठवा. खोकं, बबलचा कागद आणि चिकटपट्टी २५ रुपये, कुरिअर ९०. म्हणजे ६५ सुटायचे ते राहिलेच, पदरचे ५० गेले. पाठवणावळ गिऱ्हाइकावर टाकली तर १५० ची बाटली त्याला २४० ला पडते आणि त्याला लगेच पाव्हणा आठवतो.

हेच खोकं मोठं करून बघा. आगळाच्या दोन बाटल्या, पाव किलो आमसुलं, एक किलो कुळथाचं पीठ, पाव किलो मसाला. विक्री ८६० रुपये, करायचा खर्च ५०५, हातात ३५५. पॅकिंगला ४५, कुरिअरला १७०. पैसे कार्डाने आले तर पेमेंट गेटवेवाला साधारण दोन टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी कापतो, ते वीस रुपये. राहिले १२०. यातूनच फुटतूट, जाहिरात, फोन आणि मुलाचा पेट्रोलखर्च. आता चाळीस हजाराला या १२० ने भागा. वेबसाइटचा खर्च नुसता भरून यायलाच ३३४ खोकी जायला हवीत. एवढी खोकी तुम्ही दोघी किती महिन्यांत भराल, हे मला इथे बसून सांगता येणार नाही, पण तुम्हाला येईल. आणि हेही दिसेल की तुमची विकायची वस्तू आगळ नाहीच. सुटी बाटली ऑनलाइन परवडत नाही, खोकं परवडतं. तेव्हा साइटवर बाटली नव्हे, खोकं मांडायचं. 'महिन्याचं खोकं' म्हणा, 'सोलकढीचं खोकं' म्हणा. हे आधी कळलं तर साइटची रचनाच बदलते. नंतर कळलं तर ती मोडून परत करावी लागते, आणि मोडायचे पैसे वेगळे.

कुरिअरचा दर ठरवताना एक गोष्ट नवख्या माणसाला हमखास नडते. कुरिअरवाला नुसतं वजन बघत नाही, खोक्याचा आकारही बघतो. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणायची आणि पुष्कळ कंपन्या त्याला ५००० ने भागतात. येणारा आकडा खऱ्या वजनापेक्षा जास्त असला तर पैसे त्या आकड्याचे. समजा खोकं ३० बाय २५ बाय २० चं आहे. गुणाकार १५,०००, भागिले ५००० म्हणजे तीन किलो. आत दीड किलोच माल असला तरी बिल तीन किलोचं. हलकी वस्तू ऐसपैस खोक्यात घालून पाठवणारे लोक खरं तर हवा पाठवत असतात आणि तिचं भाडं भरत असतात. म्हणून खोक्याचे दोनच आकार ठरवा आणि त्यांत काय काय नीट बसतं ते भरून बघा. हे काम जमिनीवर बसून, टेप घेऊन करायचं आहे.

आणि गळती. आगळ गळलं की नुसती बाटली जात नाही, शेजारचं पीठ जातं, मसाला जातो, लेबलं विरघळतात आणि कुरिअरवाला दुसऱ्यांच्या पार्सलांचीही भरपाई मागू शकतो. बाटली भरा, झाकण लावा आणि रात्रभर वर्तमानपत्रावर आडवी ठेवा. सकाळी कागदावर लाल ठिपका दिसला तर झाकण बदला किंवा झाकणाखाली सील बसवून घ्या. नंतर भरलेलं खोकं कमरेइतक्या उंचीवरून तीन वेळा खाली टाका. जीव तुटतो, पण गोदामात त्याच्याशी याहून प्रेमाने कोणी वागत नाही. शेवटी एक खोकं नागपूरला, एक नाशिकला, एक विरारला ओळखीच्यांकडे पाठवा आणि त्यांना उघडतानाचा व्हिडिओ मोबाइलवर काढून पाठवायला सांगा. 'छान पोचलं' असं नातेवाईक नेहमीच म्हणतात. व्हिडिओ तसं म्हणत नाही.

हंगामाचंही गणित मांडा. कोकम पिकतं एप्रिल-मेमध्ये, पावसाच्या तोंडाशी. सरबताला आणि सोलकढीला मागणी चढते फेब्रुवारी-मार्चपासून. म्हणजे उन्हाळ्याच्या सुरुवातीला गिऱ्हाईक जे पितं ते मागच्या वर्षीचं असतं. ऑनलाइन विकायचं तर या मेमध्ये ठरवावं लागणार की पुढच्या मार्चला किती बाटल्या लागतील, आणि तेवढा पैसा नऊ-दहा महिने बाटल्यांत अडकून पडणार. जूनच्या पहिल्या सरीनंतर आमसुलं वाळवायला ऊनही उरत नाही. दुकानदाराला 'संपलं' सांगितलं की तो समजून घेतो. वेबसाइटवर मात्र पैसे भरून झाल्यावर 'माल संपला' म्हणून कळवलं तर ते गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही. अन्नपदार्थ ऑनलाइन पोचवताना गिऱ्हाइकाच्या हातात पडते वेळी त्याची टिकण्याची मुदत किमान ३० टक्के किंवा ४५ दिवस शिल्लक असावी, असं अन्नसुरक्षा प्राधिकरणाचं सांगणं आहे. मागच्या हंगामातली बाटली मेमध्ये विकताना हे आठवायला हवं.

कागदपत्रांत मी फार वेळ घालवत नाही, पण एक गंमत तुमच्या तालुक्यापुरती सांगण्यासारखी आहे. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात माल विकायचा तर वर्षाची उलाढाल ४० लाखांच्या वर जाईपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही. पण करपात्र माल राज्याबाहेर विकायचा म्हटलं की उलाढाल कितीही चिमुकली असो, नोंदणी आधी. म्हणजे तुमच्या अंगणातून म्हापसा जवळ आणि पुणे लांब, तरी पुण्याला खोकं पाठवणं सोपं आणि म्हापशाला पाठवणं अवघड. गोव्याचं गिऱ्हाईक हवंय की नको, हे वेबसाइटच्या आधी ठरवायचं. नको असेल तर साइटवर ४० ते ४४ ने सुरू होणारे महाराष्ट्रातले पिनकोड चालतील असं म्हणूनही भागत नाही, कारण गोव्याचे पिनकोडसुद्धा ४०३ ने सुरू होतात. ही एवढीशी गोष्ट मुलाच्या मित्राला सांगितली नाही तर पहिलीच ऑर्डर पणजीहून येईल.

बाकी अन्नसुरक्षेची नोंदणी तुमच्या दुकानदारांनी मागितली असेलच. तिचा चौदा आकडी क्रमांक लेबलवर आणि साइटवर दिसायला हवा. ऑनलाइन विकणार आहात हे अर्जात लिहा आणि त्यासाठी नोंदणी पुरते की परवाना लागतो, हे अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात तोंडी न विचारता लेखी विचारून घ्या. पाकिटावर उत्पादकाचं नाव-पत्ता, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किंमत, तयार केल्याचा महिना-वर्ष आणि तक्रारीसाठी फोन, हे २०११ च्या वैधमापन नियमांप्रमाणे लागतं. यातलं बरंचसं साइटवरही दाखवावं लागतं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे तक्रार ऐकणाऱ्या माणसाचं नाव साइटवर द्यायचं, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करायचं. तो माणूस कोण? तुम्ही, जाऊबाई की मुलगा? मुलगा उद्या नोकरीला पुण्याला गेला तर कोण?

हे सगळं ठरेपर्यंत विकायचं थांबायचं नाही. फोनवर व्हॉट्सॲप बिझनेस घ्या, त्यात खोक्याचे फोटो आणि किंमत टाका, पैशाला यूपीआयचा क्यूआर कोड ठेवा. एवढं फुकट आहे. नात्यातल्या, गाववाल्या माणसांची ऑर्डर मोजू नका, ती प्रेमापोटी येते. ज्यांना तुम्ही ओळखत नाही अशांची पंचवीस खोकी जाऊ द्या आणि त्यातल्या किती जणांनी स्वतःहून दुसऱ्यांदा मागवलं ते बघा. दुसरं खोकं कोणी मागवलंच नाही तर वेबसाइटने त्यात काही फरक पडणार नाही.

फोनजवळ एक शंभर पानी वही ठेवा. गिऱ्हाईक जे विचारील ते त्याच्याच शब्दांत लिहायचं. 'काकू, यात साखर आहे का?' 'बाटली उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवायची का?' 'काच आहे की प्लास्टिक?' 'कुळीथ भाजून दळलेत ना?' 'मसाला किती तिखट? घरात लहान मूल आहे.' 'शनिवारी पोचेल का, आम्ही दोघं कामाला जातो.' महिनाभरात तेच तेच प्रश्न फिरून यायला लागतील. ते प्रश्न आणि तुम्ही फोनवर दिलेली उत्तरं हाच तुमच्या वेबसाइटचा मजकूर. 'परंपरेचा वारसा जपत निसर्गाच्या सान्निध्यात' असली वाक्यं मित्राने घातली तर काढायला लावा. 'कुळीथ चुलीवर भाजून घेतो' हे एक वाक्य त्याहून जास्त विकतं, अर्थात चुलीवर भाजत असाल तर.

इतकं झाल्यावर वेबसाइट करायची. तेव्हा ती छोटी लागेल : तीन-चार खोकी, वहीतले प्रश्न, पैसे भरायची सोय, फोन नंबर. कदाचित चाळीस हजार लागणारही नाहीत. महिन्याच्या भाड्यावर मिळणारं तयार दुकान पुरेल. एक अट मात्र सोडू नका. साइटचं नाव, म्हणजे डोमेन, तुमच्या नावाने, तुमच्या ईमेलवर, तुमच्या पैशाने घ्यायचं. मित्राच्या खात्यावर घेतलं आणि उद्या तो परदेशी गेला, किंवा मुलाचं आणि त्याचं बिनसलं, तर बाटलीवर छापलेला पत्ता तुमचा राहत नाही. किंमत बदलायला आणि 'माल संपला' लिहायला त्याला फोन करावा लागू नये, एवढं त्याच्याकडून शिकून घ्या. दुसऱ्या वर्षापासूनचा खर्च किती, तेही कागदावर घ्या. पहिल्या वर्षाचा आकडा सगळेच सांगतात.

प्रश्न : मी घरून दिवाळीचा फराळ विकते. लोक म्हणतात, 'आधी माल, मग पैसे.' घरपोच पैसे घ्यायची सोय ठेवली नाही तर ऑर्डर येणार नाहीत का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : कमी येतील, हे खरं. फ्लिपकार्टने २०१० मध्ये घरपोच पैसे घ्यायला सुरुवात केली आणि आपल्याकडच्या ऑनलाइन खरेदीला त्यानेच पाय फुटले. तेव्हा कार्डं मोजक्यांकडे होती आणि न पाहिलेल्या दुकानाला पैसे आधी द्यायला कोणी तयार नव्हतं. पण मोठ्या कंपनीकडे परत आलेला मोबाइल पुन्हा विकता येतो. तुमची चकली दाराशी नाकारली गेली तर परतीचं भाडंही तुमच्याच डोक्यावर बसतं आणि हातात येतो तो चुरा. कुरिअरवाले अशा परतीला 'आरटीओ' म्हणतात आणि ते आलं की गाडीवाल्यासारखाच आपलाही चेहरा पडतो.

फराळाला मी आगाऊ पैसेच घेईन. अगदीच जमत नसेल तर निम्मे यूपीआयने आधी आणि निम्मे पोचल्यावर, तेही फक्त डोंबिवली-कल्याणमध्ये, जिथे तुमचाच माणूस देऊन येतो. ऑर्डर आली की फोन करून पत्ता विचारून घ्या. ज्याला खरंच हवंय तो दोन मिनिटं बोलतो. आणि लोक पैसे आधी का देत नाहीत, याचं कारण बहुधा तुमच्याच पानावर सापडेल : फोटो इंटरनेटवरून उचललेले, पत्ता नाही, फोन नंबर नाही. तुमच्या ओट्यावरचा, तुमच्याच पातेल्यातला चिवडा दाखवा. तो थोडा कमी देखणा असला तरी चालेल.

प्रश्न : माझी भाची अमेरिकेत असते. तिचं म्हणणं, तिकडे मराठी माणसं खूप आहेत, तर वेबसाइट थेट तिकडच्या लोकांसाठीच करावी. हे कितपत जमण्यासारखं आहे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : जमतं, पण पहिल्या वर्षी नको. व्यापारासाठी माल बाहेर पाठवायला आयात-निर्यात संकेतांक लागतो. तो मिळवणं काही कठीण नाही, ऑनलाइन अर्ज होतो. पोस्टाची डाकघर निर्यात केंद्रं तर छोट्या माणसासाठीच काढलेली आहेत. अडतं ते पलीकडच्या टोकाला. अमेरिकेत विक्रीसाठी जाणाऱ्या खाद्यपदार्थाची त्यांच्या अन्न व औषध खात्याला आधी सूचना द्यावी लागते, जिथे माल तयार होतो त्या जागेची त्यांच्याकडे नोंदणी लागते आणि लेबलाचे नियम निराळे. शिवाय समजा हळद-पावडर पाठवायची आहे, तर तिचा एक किलो तिकडे न्यायला जे भाडं पडतं, तेवढ्यात तिथल्या भारतीय दुकानात कितीतरी किलो हळद येते.

भाचीचा विचार उलटा करून बघा. तिकडच्या माणसांकडे पैसा आहे, मन इकडे आहे आणि त्यांचे आईवडील मिरजेत, पुण्यात, ठाण्यात आहेत. अशा मुलांनी तिकडून पैसे भरायचे आणि माल आईवडिलांच्या दारात पोचवायचा. निर्यातीचे कागद नकोत, विमानाचं भाडं नको, माल महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात. यासाठी मात्र साइट करणाऱ्याला आधीच सांगावं लागतं : पैसे देणाऱ्याचा आणि माल घेणाऱ्याचा असे दोन वेगळे पत्ते, दोन वेगळे फोन नंबर, आणि चार ओळींची चिठ्ठी लिहायला जागा, मराठीतही टाइप करता येईल अशी. परदेशी कार्डं चालावीत म्हणून गेटवेकडे वेगळी परवानगी मागावी लागते आणि त्यांचं कमिशनही जास्त असतं, ते किमतीत धरा. कुरिअरवाल्याने फोन करायचा तो इथल्या नंबरवर, नाहीतर अमेरिकेत रात्री दोनला कोणाची तरी झोपमोड व्हायची. आणि भेट म्हणून जाणाऱ्या खोक्यात बिल ठेवायचं नाही. किंमत बघून 'कशाला एवढे पैसे घातलेस' म्हणून आई फोनवर ओरडते, आणि पुढची ऑर्डर तिथेच बुडते.